मुलांच्या पोटातले पट्टकृमी आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, शौचाचे नमुने रोज बघते. रिपोर्ट हातात पडला की आया काउंटरवर थांबूनच विचारतात, आणि हल्ली कुणीतरी व्हॉट्सअपवर "जंतांमुळे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो" असं पाठवलंय त्यामुळे तो प्रश्नही दर आठवड्याला येतोच. तेच तेच प्रश्न एका जागी लिहून ठेवलेत. औषधाचा डोस मात्र मुलाला बघून डॉक्टरच ठरवणार, तो इथे शोधू नका.

१. पट्टकृमी म्हणजे नेमकं काय? नेहमीचे जंत वेगळे का?

आपण सगळ्यालाच "जंत" म्हणतो पण त्यात बरेच प्रकार आहेत. गोल जंत गांडुळासारखा असतो, रात्री शौचाच्या जागी खाज आणणारे बारीक पांढरे ते सुतकृमी, आतड्याला चिकटून रक्त पिणारे ते हुकवर्म. पट्टकृमी म्हणजे टेपवर्म, चपटा, फितीसारखा, एकाला एक जोडलेल्या तुकड्यांचा. त्याला तोंडच नसतं, पोटही नसतं, आपल्या मुलाने खाल्लेलं अन्न पचलं की तो सगळ्या अंगाने शोषून घेतो.

मुलांमध्ये सगळ्यात जास्त सापडतो तो बुटका पट्टकृमी, हायमेनोलेपिस नाना. जेमतेम दीड ते चार सेंटिमीटर, आणि शौचात डोळ्याला सहसा दिसत नाही. दुसरे मोठे, टीनिया जातीचे, गाईच्या किंवा डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून येणारे, ते काही मीटर लांब होतात आणि वर्षानुवर्षं राहतात. खाली लिहिलेलं बहुतेक बुटक्याबद्दल आहे, मोठ्याचं जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलंय.

२. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय हो? टेन्शनशी संबंध आहे का?

मनाच्या टेन्शनबद्दल हा शब्द नाही. कापलेलं सफरचंद काळं पडतं, उघडं राहिलेलं शेंगदाणा तेल खवट होतं, ते ऑक्सिजनमुळे. शरीरातही ऑक्सिजन वापरताना काही फार चिडके रेणू तयार होतात, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे, ते शेजारी जे सापडेल त्याच्यावर तुटून पडतात, पेशीच्या भिंतीतली चरबी असो, प्रोटीन असो की डीएनए. ते शांत करायला शरीराकडे स्वतःची यंत्रणा आहे, एसओडी, कॅटलेज, ग्लुटाथिओन अशी नावं तुम्ही वाचली असतील. रेणू जास्त आणि शांत करणारे कमी असं झालं की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. १९८५ पासून हा शब्द नीट व्याख्या करून वापरात आहे.

३. जंत आतड्यात असतो, मग हा स्ट्रेस येतो कुठून?

मुख्य म्हणजे तो आपलंच शरीर करतं, जंताला मारायला. सैनिक पेशी, म्हणजे इओसिनोफिल, न्यूट्रोफिल, या जंताच्या जागी गोळा होतात आणि तेच चिडके रेणू मुद्दाम फवारतात. औषध फवारताना वारा फिरला की शेजारचं पीकही होरपळतं ना, तसं आतड्याचं अस्तर होरपळतं.

बुटक्या जंताचं आणखी एक आहे. त्याचं अंडं पोटात गेलं की आतलं पिल्लू बाहेर पडून आतड्याच्या अस्तरातल्या बारीक केसांसारख्या भागात, व्हिलायमध्ये घुसतं, तिथे चार-पाच दिवस राहून वाढतं आणि मग तो भाग फोडून परत बाहेर येऊन आतड्याला चिकटतं. म्हणजे जखम आहेच, वर सूज आहे, आणि अशी शेकडो पिल्लं असली तर विचार करा.

आणि जंत काही गप्प मार खात नाही. या चपट्या परजीवींकडे कॅटलेज नसतं, पण एक वेगळं एन्झाइम असतं जे आपल्या शरीरातल्या दोन एन्झाइमांचं काम एकटं करतं, त्यामुळे तो या माऱ्यातही टिकतो. मारा चालू राहतो, जंत जिवंत राहतो, आणि मधल्या मधे अस्तर खराब होत जातं. पोलंडमध्ये घुशी-उंदरांना याच घराण्यातल्या जंताची लागण करून आतडी तपासली गेली, तर शांत करणाऱ्या एन्झाइमांचं प्रमाण बदललेलं आणि चरबी खवट झाल्याच्या खुणा वाढलेल्या दिसल्या.

४. याने मुलाला काय त्रास होतो? बघून कळतं का?

थोडे जंत असले तर काहीच कळत नाही, खूप मुलांमध्ये दुसऱ्याच कारणासाठी तपासणी केली आणि अंडी सापडली असं होतं. जंत वाढले की पोटात मुरडा, पातळ शौच, भूक न लागणं किंवा कधी उलट, चिडचिड, डोकं दुखणं, वजन न वाढणं, शौचाच्या जागी खाज.

स्ट्रेसचं स्वतःचं असं वेगळं लक्षण नाही, हे लक्षात ठेवा, कारण "स्ट्रेसची लक्षणं" म्हणून यादी फिरते तिच्यातलं सगळं कुठल्याही दमलेल्या पोराला लागू पडेल. अस्तर खराब झालं की अन्न नीट शोषलं जात नाही, हा त्याचा खरा परिणाम. आणि मूल आधीच कुपोषित असेल तर दुहेरी मार, कारण ग्लुटाथिओन बनवायला प्रोटीन लागतं, एसओडीला तांबं आणि जस्त लागतं, आणि ताटात तेच कमी.

५. आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मग पोराला टेपवर्म कसा?

हा प्रश्न विचारताना आयांचा चेहरा पडलेला असतो, जणू घरात काही चोरून घडलं. तसं काही नाही. बुटक्या पट्टकृमीला मांस लागतच नाही. एका मुलाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात ती पडल्या पडल्याच दुसऱ्याला लागण करायला तयार असतात, नखांतून, टॉवेलवरून, पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून तोंडात जातात. कधी धान्यातला किडा चुकून खाल्ला तरी होतो. बाहेर ही अंडी फार टिकत नाहीत, साधारण दहा दिवसांच्या आत मरतात, म्हणूनच हा जंत एकत्र राहणाऱ्या, एकत्र खेळणाऱ्या मुलांचा आहे, अंगणवाडी, वसतिगृह, एका खोलीत चार भावंडं.

मोठा टीनिया मात्र मांसातूनच येतो. गोव्याकडे किंवा इतर कुठे डुकराचं मांस खाणाऱ्यांनी ते आतपर्यंत पूर्ण शिजवावं, एवढंच. शाकाहारी माणसाला टीनियाचा दुसरा, जास्त गंभीर धोका आहे, तो प्रश्न १४ मध्ये.

६. गोड खाल्ल्याने जंत होतात ना? आणि रात्री दात खातो म्हणजे जंतच?

नाही. साखरेतून जंत जन्मत नाही, अंडं तोंडातून आत जावं लागतं. दात खाण्यावरून जंत आहेत असं ठरवता येत नाही, आणि नाहीत असंही नाही. तपासणी करा, प्रश्न ८.

७. शाळेत दर सहा महिन्यांनी जंताची गोळी देतात, तरी याला जंत कसा राहिला?

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ मध्ये सुरू झाला, साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास गोळी मिळते, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी आणि त्यापुढे १९ वर्षांपर्यंत एक, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम. ती चावून खायची, लहानग्यांना कुस्करून पाण्यातून द्यायची, अख्खी घशात अडकू शकते. गोळी उत्तम आहे, चुकवू नका. पण ती आहे गोल जंत, व्हिपवर्म (चाबकासारखा जंत) आणि हुकवर्मसाठी. पट्टकृमीवर तिचा एक डोस पुरेसा पडत नाही. म्हणजे शाळेची गोळी घेतली म्हणून पट्टकृमी नाही असं धरून चालू नका, आणि पट्टकृमी सापडला म्हणून "सरकारी गोळी खोटी" असंही बोलू नका, ते मला फार लागतं, कारण ते ऐकून शेजारची बाई पुढच्या वेळी पोराला शाळेतच पाठवत नाही.

८. कुठली टेस्ट करायची? बाहेर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं पॅकेज आहे, ते करू का?

शौचाची साधी तपासणी करा, आणि एकदाच नाही, वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने, कारण अंडी रोज सारखी पडत नाहीत. नमुना सकाळचा ताजा, कोरड्या स्वच्छ डबीत, लघवी आणि संडासचं पाणी न मिसळता. एक आजी मोठ्या टीनियाचे तुकडे कुंकवाच्या रिकाम्या डबीत घेऊन आल्या होत्या, धुऊन पुसून आणलेली डबी, आत दुधीच्या बियांसारखे तीन पांढरे चपटे तुकडे आणि त्यातला एक अजून हळूहळू आकसत होता. त्यांनी आणलं म्हणून निदान त्याच दिवशी झालं. असे तुकडे दिसले तर फेकू नका, पण उघड्या हाताने धरू नका, काडीने उचला आणि हात साबणाने धुवा.

बुटक्याचं अंडं मायक्रोस्कोपखाली फार ओळखू येतं, पातळ पारदर्शक कवच, आत दुसरं कवच, त्याच्या दोन टोकांना बारीक धागे आणि मध्ये सहा बारीक हुक. टीनियाची अंडी बघून मात्र गाईचा की डुकराचा हे सांगता येत नाही, त्यासाठी तुकडा लागतो. रक्ताच्या सीबीसीमध्ये इओसिनोफिल थोडे वाढलेले दिसू शकतात पण ते अ‍ॅलर्जीनेही वाढतात.

आता पॅकेजबद्दल. त्यात बहुतेक वेळा एमडीए मोजतात, म्हणजे चरबी खवट झाल्यावर उरणारा पदार्थ. संशोधनात तो उपयोगी आहे, पट्टकृमी असलेल्या मुलांच्या रक्तात तो वाढलेला आणि अँटिऑक्सिडंट कमी झालेले आढळलेत. पण तुमच्या एका मुलासाठी तो आकडा काही ठरवत नाही. रक्त काढताना पेशी फुटल्या, नमुना उन्हात राहिला, की आकडा बदलतो, ताप असला तरी बदलतो, आणि आकडा काहीही आला तरी उपचार तोच, जंत मारा. मी स्वतः लॅबमध्ये आहे तरी सांगते, ते पैसे दूध-अंड्याला ठेवा.

९. औषध एकदा दिलं, आता डॉक्टर दहा-पंधरा दिवसांनी परत द्या म्हणतात. पहिलं लागू पडलं नाही का?

लागू पडलं असेल, तरी परत द्यायचं असतं. बुटक्या पट्टकृमीवर सहसा प्राझिक्वांटेल देतात, कधी निटाझोक्सानाइड किंवा निक्लोसामाइड. मोठा झालेला जंत पटकन मरतो, अस्तरात लपलेली पिल्लं (प्रश्न ३) सगळी मरतीलच असं नाही, आणि ती काही दिवसांनी बाहेर येतात. शिवाय या जंताची अंडी मुलाच्या पोटातच फुटून पुन्हा तिथेच लागण करू शकतात. जंताचं स्वतःचं आयुष्य चार ते सहा आठवडे, तरी मूल वर्षभर आजारी राहतं ते यामुळेच. दुसरा डोस चुकवला की खेळ पहिल्यापासून.

१०. औषधासोबत अँटिऑक्सिडंट सिरप द्यायचं का? मेडिकलवाला म्हणाला फास्ट रिकव्हरी.

माझं उत्तर नाही, आणि का ते नीट सांगते कारण हा सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न आहे आणि ३००-४०० रुपयांची बाटली घेऊन प्राझिक्वांटेलचा दुसरा डोस "नंतर बघू" म्हणणारे लोक मी बघितलेत.

एक तर हे चिडके रेणू निव्वळ वाईट नाहीत. जंतूंशी लढायला ते लागतातच, ज्या मुलांच्या पेशी जन्मतःच ते बनवू शकत नाहीत, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज नावाचा आजार, त्यांना सतत गंभीर इन्फेक्शन होतात. दुसरं, मोठा अनुभव आहे मलावीचा. अंगावर सूज येणारं कुपोषण, क्वाशिओरकोर, त्यात ग्लुटाथिओन कमी असतं हे माहीत होतं, म्हणून तिथे एक ते चार वर्षांच्या २३०० हून जास्त मुलांवर अभ्यास झाला, काहींना रायबोफ्लेविन, व्हिटॅमिन ई, सेलेनियम आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनची पावडर रोज दिली, काहींना नुसती साधी पावडर. २००५ मध्ये निकाल छापून आला, क्वाशिओरकोर टळला नाही. तो जंतांचा अभ्यास नव्हता, पण रक्तात एखादी गोष्ट कमी दिसते म्हणून ती बाटलीतून ओतली की मूल बरं होतं असं नसतं, हे त्यातून दिसलं.

तपासणीत खरोखर व्हिटॅमिन ए, जस्त, बी-१२ कमी असेल आणि डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ती गोष्ट वेगळी, ते द्याच.

११. मग खायला काय देऊ?

घरचंच. वरण-भात-तूप-लिंबू, मटकी-मुगाची उसळ, अंडं चालत असेल तर अंडं, शेंगदाणा-गुळाची चिक्की, नाचणीची आंबील, सीझनमध्ये पेरू आणि आवळा. प्रोटीन विसरू नका, बिस्कीट-चहावर ग्लुटाथिओन बनत नाही. पेरू, काकडी, कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

१२. आयर्नने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो असं वाचलं, अंगणवाडीतलं आयर्न सिरप बंद करू?

स्वतःच्या मनाने बंद करू नका. वाचलेलं अगदीच चूक नाही, आतड्यात न शोषलेलं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी मिळून जास्त जहाल रेणू बनवतं हे रसायनशास्त्रात पक्कं आहे. पण हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलाचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं आहे, अभ्यासावर, वाढीवर, सगळ्यावर. ताप असेल तेवढे दिवस थांबायचं का, जंताचं औषध आधी का, हे डॉक्टरांना विचारा. आणि पट्टकृमी रक्त पीत नाही (प्रश्न १), त्यामुळे हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर हुकवर्म किंवा दुसरं कारण शोधायला लागतं, सगळं या एका जंताच्या माथी मारून चालत नाही.

१३. वावडिंग, डिकेमाली दिली तर चालेल का?

माझ्या आजीनेही वावडिंगाचं पाणी दिलंय, त्यामागची माया मला कळते. पण पट्टकृमी सापडला असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. द्यायचंच असेल तर वैद्यांना विचारून, आणि डॉक्टरांचं औषध चालू ठेवून, त्याच्याऐवजी नाही.

१४. मुलाला पूर्वी फिट आली होती. जंताचं औषध देऊ का?

थांबा, आधी डॉक्टरांना सांगा. हे उत्तर नीट वाचा.

डुकराच्या टीनियाची अंडी माणसाच्या पोटात गेली, न धुतलेल्या भाजीतून किंवा तो जंत असलेल्या माणसाच्या अस्वच्छ हातून, तर पिल्लं रक्तातून मेंदूत जाऊन तिथे गाठी होतात. याला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात आणि आयुष्यात मांस न शिवलेल्यालाही तो होतो. जिथे हा जंत आहे अशा भागांत फिट्सच्या रुग्णांपैकी जवळपास ३० टक्क्यांचं कारण हेच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे मुलांना अचानक फिट येते आणि सीटी स्कॅनमध्ये एकच गोल कडी दिसते, ती बऱ्याचदा हीच.

प्राझिक्वांटेल आणि अल्बेंडाझोल रक्तात जाऊन मेंदूतल्या गाठीपर्यंत पोचतात, गाठ मरताना भोवती सूज येते आणि त्यात फिट येऊ शकते, प्रश्न ३ मधलाच मारा पण मेंदूत. म्हणून अशा मुलाला औषध कुठलं, सोबत स्टेरॉइड द्यायचं का, आधी स्कॅन हवा का, हे डॉक्टर ठरवतात. निक्लोसामाइड आतड्यातून जवळजवळ शोषलंच जात नाही, म्हणून कधी ते निवडतात. फिट, सतत डोकेदुखी, नजरेत बदल, यातलं काहीही असेल तर शाळेच्या गोळीच्या दिवशीसुद्धा बाईंना आधी सांगा.

१५. मुलाला जी-सिक्स-पीडीची कमतरता आहे. त्याला जास्त धोका का?

जी-सिक्स-पीडी हे लाल पेशींना जपणारं एन्झाइम, ते कमी असल्यामुळे या मुलांच्या लाल पेशी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी सोसतात, काही औषधांनी त्या पटापट फुटतात. प्रायमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन ही त्यातली ओळखीची नावं, प्राझिक्वांटेल आणि अल्बेंडाझोल त्या यादीत नाहीत. तरी या कमतरतेची नोंद असलेलं कार्ड सोबत न्या आणि दाखवा. औषधानंतर लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना.

१६. एकाच मुलाला सापडला, घरातल्या सगळ्यांनी औषध घ्यायचं का?

बुटका असेल तर निदान सगळ्या भावंडांची आणि मुलाला भरवणाऱ्याची तपासणी करा, बरेच डॉक्टर सगळ्या घराला एकदमच औषध देतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाचा रिपोर्ट दिला, फक्त त्याला औषध मिळालं, दोन महिन्यांनी तो परत पॉझिटिव्ह, आणि मग धाकटी बहीण तपासली तर तिच्या नमुन्यात त्याच्याहून जास्त अंडी. दोघं एकाच ताटात जेवायची. ती बिचारी धडधाकट दिसायची म्हणून कुणाच्या मनातच आलं नाही. तेव्हापासून मी रिपोर्ट देताना "घरात अजून मुलं किती" हे विचारल्याशिवाय सोडत नाही.

नखं कापा, संडासनंतर आणि जेवणाआधी साबण, चड्डी-चादर गरम पाण्यात.

१७. आमच्याकडे कुत्रा आहे, त्याच्यामुळे झालं का?

बुटका सहसा माणसाकडूनच येतो. कुत्र्याचा एक वेगळा पट्टकृमी आहे, डिपायलिडियम, तो मुलाने चुकून कुत्र्याची पिसू गिळली तर होतो, शौचात तांदळासारखे दाणे दिसतात. मुलाला औषध, कुत्र्यालाही, आणि पिसवांचा बंदोबस्त.

१८. औषध झालं, रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण वजन अजून वाढत नाही. स्ट्रेस राहिला का आत?

आतड्याच्या अस्तराच्या पेशी तीन-पाच दिवसांत नव्या येतात, त्यामुळे मारा थांबला की तिथली दुरुस्ती लवकर सुरू होते. पण वजन आणि उंची भरायला महिने लागतात, दर महिन्याला अंगणवाडीच्या वजनकाट्यावर नेऊन कार्डावर रेघ बघा, रोज घरी उचलून बघू नका.

आणि निगेटिव्ह कधी धरायचं तेही बघा. औषधानंतर चार दिवसांनी केलेली तपासणी कामाची नाही. बुटक्यासाठी शेवटच्या डोसनंतर साधारण महिन्याने, टीनियासाठी एक महिन्याने आणि मग तीन महिन्यांनी, कारण त्याचं डोकं आत राहिलं तर त्यातून अख्खा जंत परत वाढतो, आणि नुसते तुकडे पडले म्हणजे डोकं पडलं असं नाही. तीन महिन्यांनीही अंडी नाहीत, खाणं नीट आहे, तरी रेघ वर सरकत नसेल तर जंतांचा विषय बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जा, टीबी, सिलिअ‍ॅक, थायरॉइड हे त्यांना बघू दे. जाताना जुने रिपोर्ट आणि वजनाचं कार्ड सोबत न्या.